हळदीच्या घरातला दिवस

मार्च महिना. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्या हळदीची काढणी सुरू असताना इथल्या शेतकरी जोडप्यांचा दिवस साधारण असा जातो.

पहाटे ५ : ती उठते. झाडलोट, पाणी, शेणगोठा, भाकरी. तो रात्रीच्या विजेवर उसाला पाणी देऊन आलेला, म्हणून निजलेला. कष्टाला तोही चुकत नाही. पण घराच्या उंबऱ्यात त्याचं काम संपतं, तिचं संपत नाही.

८ : ट्रॅक्टरनं उकरलेल्या वाफ्यात बायांसोबत ती वाकते. माती झटकायची, गड्डे आणि हळकुंडं वेगळी करायची. बेण्यासाठी कोणता गड्डा राखायचा, हे तिला नजरेनंच कळतं. पोती उचलणाऱ्या गड्याचा रोज मात्र वेचणाऱ्या बाईपेक्षा जास्त.

दुपारी १ : बांधावर जेवण. बचत गटातली बाई कर्जाचं विचारते. "मालकांना विचारून सांगते," ती म्हणते. मालक जेवता जेवताच फोनवर अडत्याशी भाव बोलतात. तिला कुणी विचारत नाही.

४ : कुकर पेटतो, हळद वाफेवर शिजते. सुकवायला पसरताना पुन्हा तीच.

७ : परत चूल. २०१९च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायांची त्या कामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं गेली, तशा पुरुषांची ९७.

९ : तो मोंढ्यातून आधीच्या मालाची पट्टी आणतो. सातबारा त्याचा, म्हणून पट्टी त्याच्या नावाची आणि पैसाही त्याच्याच खात्यात.

"अहो, आधी पोरीची नांदेडची फी भरू."

"बघू."

"बघू नको. आत्ताच ठरवू."

तो हिशेबाची वही तिच्यापुढे सरकवतो. आज त्याला पटलं. उद्या नाही पटलं तर? बायकोचा शब्द नवऱ्याच्या मर्जीवर टिकत असेल, तर तो तिचा हक्क नव्हे.

या हक्काची वाट नवी नाही. १९८६ला शरद जोशींच्या शेतकरी संघटनेच्या चांदवडच्या महिला अधिवेशनात हजारो शेतकरी बाया जमल्या. पुढे संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची हाक दिली आणि गावोगावच्या पुरुषांनी बायकोच्या नावे जमीन करून दिली. सातबाऱ्यावर पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून आजही लावता येतं. हळद तिच्या हातून घडते. मग याच हंगामात जोडीनं तलाठ्याकडे जावं आणि अर्ज द्यावा.