तळोद्यात बसून बेस गिटारवर जॅझचा सोलो शिकता येतो का?

तळोद्यात कुणाला नुसतं 'बेस' म्हणून बघा. समोरच्याच्या डोळ्यासमोर डीजेचे खोकेच येणार. वरातीत ज्याने छाती धडधडते आणि घरांचे पत्रे थरथरतात, तो बेस. पण लग्नसराईत डीजेऐवजी कधी गाडीवर चढलेला म्युझिकल बँडही असतो. कीबोर्ड, ऑक्टोपॅड, गायक, आणि एखाद्या बँडमध्ये कोपऱ्यात चार जाड तारांची लांब गिटार घेतलेला एक पोरगा. शूटिंग करणारे गायकाचं करतात, नाचणाऱ्यांचं करतात. या पोराकडे कॅमेरा फिरत नाही. तो मध्येच थांबला तर मात्र नाचणाऱ्यांना लगेच कळतं की काहीतरी गेलं. काय गेलं ते सांगता येत नाही, एवढंच.

या पोराच्या मोबाईलमध्ये वेगळंच जग असतं. तिथे मुंबईची मोहिनी डे तेच वाद्य घेऊन एकटी वाजवते आणि बाकीचा बँड तिच्याकडे बघत राहतो. मोहिनीचे वडील सुजॉय डे स्वतः बेस वाजवणारे. लहानपणी त्यांनीच तिला शिकवलं, पुढे ती रणजित बारोट आणि ए. आर. रहमान यांच्यासोबत वाजवू लागली. तिचं रील दहा वेळा बघून झालं की प्रश्न पडतो. हे पाठ करून वाजवलेलं आहे की त्या क्षणी सुचलेलं? आणि सुचलेलं असेल, तर मला का सुचत नाही?

यातल्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर समजलं तर अर्धं काम झालं.

सुचतं म्हणजे नेमकं काय होतं?

जॅझमध्ये आधी एक धून वाजते. मग ती धून बाजूला ठेवून तिच्याखालचे कॉर्ड तसेच फिरवत राहतात, आणि त्या फेऱ्यांवर एकेक वादक त्या क्षणी नवं काहीतरी रचतो. हा सोलो. मराठी माणसाला यात नवल वाटायला नको. बंदिशीचा मुखडा घेऊन गवई बढत करतो, तबल्याचं आवर्तन फिरत राहतं आणि समेवर सगळे भेटतात, तसंच हे. तळोद्याच्या आसपासचं उदाहरण द्यायचं तर पावरी घ्या. डांग आणि त्याला लागून असलेल्या नंदुरबार, धुळे, नाशिकच्या पट्ट्यातलं हे दुधी भोपळ्याचं वाद्य. वाजवणाऱ्याने चाल बदलली की नाचणाऱ्यांची पावलं बदलतात. कागद कुणासमोरच नसतो, तरी कुणी गोंधळत नाही, कारण चाली सगळ्यांच्या अंगात मुरलेल्या असतात.

म्हणजे सुचणं हे शून्यातून येत नाही. आपण बोलतो तेव्हा वाक्य नवं असतं, पण शब्द आधीपासून तोंडात असतात. जॅझवाल्यांचे शब्द म्हणजे शेकडो वेळा ऐकलेले, गळ्यातून गायलेले आणि वाद्यावर उतरवलेले सुरांचे छोटे तुकडे. ज्याला सुचत नाही त्याची प्रतिभा कमी असते असं नाही. त्याच्याकडे शब्दच थोडे असतात.

इथपर्यंत आपलं आणि जॅझचं जुळतं. पुढे एक फरक आहे, आणि चांगले चांगले तयार वादक तिथेच अडतात.

जमीन सरकते, ती इथे

आपल्या संगीतात सा ठरला की ठरला. तानपुरा तोच सा धरून ठेवतो आणि गवई कितीही फिरला तरी परत यायचं घर एकच. जॅझमध्ये खालचे कॉर्ड बदलत राहतात. त्यामुळे एकच सूर एका कॉर्डवर गोड लागतो आणि पुढच्या कॉर्डवर खटकतो.

जॅझमध्ये सगळ्यात जास्त वेळा भेटणारी तीन कॉर्डची साखळी घ्या: डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन. सी हा सा धरला तर पहिल्या कॉर्डमध्ये रे म ध सा, दुसऱ्यात प नि रे म आणि तिसऱ्यात सा ग प नि. आता नीट बघा. पहिल्या कॉर्डमधला सा दुसऱ्यावर जाताना फक्त अर्धा स्वर उतरून नि होतो. दुसऱ्यातला म तिसऱ्यावर येताना अर्धा स्वर उतरून ग होतो. एवढ्या दोन उतरणींमध्ये त्या साखळीचा सगळा जीव आहे. सोलो वाजवणाऱ्याने ऐन बदलाच्या वेळी म वरून ग वर पाऊल टाकलं, की खाली कीबोर्ड नसला तरी ऐकणाऱ्याला कॉर्ड बदलल्याचं कळतं.

यूट्यूबवरचे बरेचसे कोर्स इथे फसवतात, असं माझं मत आहे. ते पहिल्या दिवसापासून स्केलचे आराखडे पाठ करायला लावतात. मग पोरगं सात सूर वर-खाली पळवत राहतं. सूर एकही चुकत नाही आणि गाणं काही होत नाही. त्यापेक्षा महिनाभर फक्त सा-नि आणि म-ग या दोन उतरणी वेगवेगळ्या तारांवर शोधा. जास्त हाती लागेल.

बेसवाल्याचा त्रास वेगळाच

सॅक्सोफोनवाला सोलो घेतो तेव्हा त्याच्या पायाखाली बेस असतो. बेसवाला सोलो घ्यायला लागला की पायाखाली कोण? कुणीच नाही! बहुतेक वेळा कीबोर्डवाला हात आवरता घेतो, ड्रमवाला आवाज कमी करतो, आणि आतापर्यंत घर उचलून धरणाऱ्या माणसालाच घर सोडून अंगणात नाचायला सांगतात.

म्हणून तर बेसचे सोलो उशिरा सुरू झाले. सुरुवातीच्या जॅझमध्ये हे काम उभ्या, माणसाएवढ्या डबल बेसचं होतं, आणि ते मुख्यतः ताल धरण्याचं होतं. 1939 मध्ये जिमी ब्लँटन नावाचा पोरगा ड्यूक एलिंग्टनच्या ऑर्केस्ट्रात आला आणि त्याने बेसवर सनईसारखी धून बोलून दाखवली. 1940 मध्ये त्याने एलिंग्टनच्या पियानोसोबत दोघांचीच रेकॉर्डिंग केली. 1942 मध्ये क्षयाने तो गेला तेव्हा तो 23 वर्षांचा होता. आज ज्याला आपण बेस गिटार म्हणतो ती त्यानंतरची. लिओ फेंडरने 1951 मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणला. तो खांद्याला अडकवता येत होता आणि अँपला जोडता येत होता. त्या वाद्यावर जॅझचा सोलो किती दूर जाऊ शकतो हे जगाला कळलं ते 1976 मध्ये, जॅको पास्टोरियसच्या पहिल्या अल्बममुळे. त्यातलं पहिलंच वादन म्हणजे सॅक्सोफोनवाल्यांनाही घाम फोडणारी 'डोना ली' ही धून, आणि साथीला फक्त काँगा. कॉर्ड धरायला दुसरं कुणीच नाही, तरी कॉर्ड ऐकू येतात. कसे, ते वर सांगितलंच आहे.

यातून शिकणाऱ्यासाठी एक क्रम निघतो, आणि तो उलटा करून चालत नाही. आधी 'वॉकिंग' यायला हवं. म्हणजे चार मात्रांच्या घरात चार सूर, चालल्यासारखे एकामागून एक. पहिल्या मात्रेवर कॉर्डचा मूळ सूर, मध्ये कॉर्डमधले सूर, आणि चौथ्या मात्रेवर पुढच्या कॉर्डच्या अगदी शेजारचा सूर, म्हणजे पाऊल आपोआप पुढे पडतं. मघाचीच साखळी घेतली तर रे, म, ध, कोमल ध आणि मग प. पुढे नि, रे, कोमल रे आणि मग सा. हे गुणगुणून बघा, घसरत घरी आल्यासारखं वाटेल. ज्याचं वॉकिंग पक्कं त्याचा सोलो तिथूनच सुरू होतो. दोन घरं चालायचं, तिसऱ्यात थोडं थांबायचं, चौथ्यात एखादा तुकडा बोलायचा आणि परत चालायला लागायचं.

सुरुवात कुठून?

माझ्या मते 'सो व्हॉट'पासून. माइल्स डेव्हिसच्या 1959 च्या 'काइंड ऑफ ब्लू' या अल्बममधलं हे पहिलं वादन. यात बेसवाल्याला आवडण्यासारखी गोष्ट म्हणजे मुख्य धून बेसच वाजवतो. पॉल चेंबर्स एक ओळ बोलतो आणि बाकीचे दोन कॉर्डमध्ये उत्तर देतात. भजनात बुवांची ओळ आणि टाळकऱ्यांचा झेल असतो, तसं.

आणि कॉर्ड किती? दोनच. एका फेरीत 32 घरं. पहिली 16 डी मायनरवर, पुढची 8 अर्धा स्वर वर, शेवटची 8 परत डी मायनरवर. पहिल्या भागातले सूर म्हणजे आपला काफी थाट, डी ला सा धरून. मधल्या आठ घरांत तोच काफी, फक्त सा एक फ्रेट वर सरकलेला. ज्याने पेटीवर काफी थाटाचे सूर वाजवलेत त्याला यात एकही सूर अनोळखी नाही. अवघड आहे ते मोजणं. आठ घरं कधी संपली हे न मोजता कळायला वेळ लागतो. बहुतेकांचा पहिला सोलो सुरांमुळे फसत नाही, ते सतराव्या घरात वेळेवर पोहोचत नाहीत म्हणून फसतो.

मोजणं अंगात भिनवायची जुनी युक्ती म्हणजे मेट्रोनोम एक आणि तीनवर न ठेवता दोन आणि चारवर ठेवायचा. मोबाईलमध्ये फुकट मिळतो. पहिले काही दिवस चिडचिड होते, कारण एक कुठे आहे हे आपल्यालाच धरून ठेवावं लागतं. ते जमलं की मग अख्खी चार घरं काहीच न वाजवता गप्प बसायचं आणि पाचव्यात नेमकं यायचं.

त्यानंतर नक्कल. हा शब्द लोकांना कमीपणाचा वाटतो, पण जॅझ शिकण्याचा हाच राजमार्ग आहे. चेंबर्सच्या वादनातली फक्त दोन घरं घ्या. यूट्यूबवर वेग अर्धा करा, सूर खाली घसरत नाही. आधी तोंडाने गा, अगदी तंतोतंत जमेपर्यंत. मगच वाद्य हातात घ्या. जे गाता येत नाही ते बोटांना शोधायला लावलं तर बोटं सवयीच्याच जागी जातात, आणि मग सगळे सोलो सारखेच वाजतात.

इथे एक फालतू वाटणारी पण महत्त्वाची गोष्ट. बेसची सगळ्यात जाड तार उघडी वाजवली की सेकंदाला साधारण 41 कंपनं होतात. मोबाईलच्या चिमुकल्या स्पीकरमधून इतका खालचा सूर धड बाहेरच पडत नाही. म्हणजे मोबाईलवर ऐकून बेस शिकणारा अर्धा बेस ऐकतच नसतो. इअरफोन लावा. साधे, वायरचे चालतील.

पण मुंबई तर लांब

तळोद्यात रेल्वे नाही. गाडी पकडायची तर नंदुरबारला जायचं. जॅझ ऐकायला मिळणारी जागा शोधायची तर थेट मुंबई, जिथे एनसीपीएमध्ये जॅझचे महोत्सव होतात. मग घरी बसून काय होणार, ही शंका रास्त आहे. पण मुंबईत जॅझ आला कसा ते बघा.

1935 मध्ये लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन बँडलीडर ताजमहाल हॉटेलात बँड घेऊन आला. त्याच्यामागोमाग टेडी वेदरफोर्डसारखे वादक आले. त्यांना ऐकून भारावलेल्यांत गोव्याची पोरं होती. चर्चच्या शाळेत नोटेशन वाचायला शिकलेली, पण जॅझ त्या कागदावर नव्हताच. तो त्यांनी हॉटेलातल्या बँडकडून आणि तबकड्या पुन्हा पुन्हा लावून कानाने उचलला. न्यूयॉर्क त्यांच्यासाठी तळोद्याहून मुंबई आहे त्याच्या कितीतरी पट लांब होतं. त्यांच्यातलाच ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट पुढे आपल्या पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांसोबत, म्हणजे सी. रामचंद्र यांच्यासोबत, काम करत होता. 1951 च्या 'अलबेला'ची गाणी ऐका, जॅझ कसा वरातीत शिरला ते कळेल. 1968 मध्ये शंकर-जयकिशन यांनी रईस खान यांची सतार घेऊन 'रागा जॅझ स्टाईल' नावाचा अल्बम काढला, त्यात 11 राग आहेत. आणि 1978 मध्ये मुंबईत पहिली 'जॅझ यात्रा' झाली, तेव्हा सॉनी रोलिन्स इथे येऊन वाजवून गेला.

तबकडीची सुई उचलून तोच तुकडा परत लावणाऱ्यांपेक्षा आजच्या पोराकडे साधनं जास्त आहेत. एक गोष्ट मात्र इंटरनेट देत नाही. समोरचा वादक. तयार ट्रॅक तुमचं ऐकत नाही. तुम्ही एखादी गमतीची जागा घेतली तर तो हसत नाही, चुकलात तर सावरून घेत नाही. जॅझ हा संवाद आहे आणि एकट्याने आरशासमोर बोलून बोलणं येत नाही.

आणि इथेच लग्नाच्या बँडमधला पोरगा शहरातल्या खोलीत एकट्याने शिकणाऱ्यापेक्षा पुढे आहे. त्याला गायकाने ऐनवेळी पट्टी बदलली तर कुठे जायचं ते कळतं. टिमलीचा ठेका तासन्‌तास न ढळता कसा धरायचा ते कळतं. त्याच्याकडे ड्रमवाला आहे, कीबोर्डवाला आहे. त्याला फक्त त्यांची दहा मिनिटं हवी आहेत. वरात निघायच्या आधी गाडीवर साउंड चेक चालू असतो, तेव्हा कीबोर्डवाल्याला सांगायचं, भाऊ, डी मायनर धर, 16 घरं, मग 8 घरं एक सूर वर, मग परत खाली. ऑक्टोपॅडवाल्याला म्हणायचं, आवाज कमी, पण ठेका सोडू नको. पहिल्या फेरीत नुसतं चालायचं. दुसऱ्या फेरीत एक तुकडा. कीबोर्डवाला विचारेल, हे कोणतं गाणं? तेव्हा त्याच्या मोबाईलवर 'सो व्हॉट' लावून द्यायचं, इअरफोनसकट.