माटुंग्याच्या घरांवरचा आर्ट डेको

माटुंग्यात फाइव्ह गार्डनच्या आसपास गोलाई घेतलेल्या सज्ज्यांच्या बुटक्या, ऐसपैस इमारती दिसतात. त्यांना सरसकट ‘ब्रिटिशांनी बांधलेल्या’ म्हटले जाते. काळ ब्रिटिश राजवटीचा, हे खरे. पण सरकारी मुंबईची शैली वेगळी होती: दगडी, कमानींची गॉथिक. या इमारती आर्ट डेको शैलीच्या आहेत आणि त्या बांधून घेणारे बहुतेक मालक भारतीयच होते.

आर्ट डेको (ठळक रेषा, भौमितिक नक्षी आणि गोलसर कोपरे यांची सजावटशैली) जगापुढे आली ती १९२५च्या पॅरिस प्रदर्शनात. तिथले एक गाजलेले दालन म्हणजे श्रीमंत संग्राहकाचे कल्पित शहरी निवासस्थान. वास्तुरचना पिएर पातू यांची, अंतर्गत सजावट एमिल-जाक रूलमान यांची. फ्रेंच सरदारांच्या जुन्या हवेल्यांची ऐट तिथे नव्या, सुटसुटीत रेषांत उतरली होती.

मुंबईत मात्र ही शैली मध्यमवर्गाच्या ब्लॉकपर्यंत पोहोचली, आणि तिचे खरे मोठेपण इथेच आहे. १८९६च्या प्लेगनंतर, १८९८ साली स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याची आखणी केली. हवा-उजेडासाठी मोकळी जागा राखली. पुढे १९३०-४०च्या दशकांत आरसीसीमुळे (सळ्या घातलेले काँक्रीट) खांबाविना पुढे झेपावणारे सज्जे शक्य झाले. खिडकीवरचा सलग छज्जा, उन्हात कपाळावर आडवा धरलेल्या तळहातासारखा, ऊन-पाऊस दोन्ही अडवतो.

ओव्हल मैदान आणि मरीन ड्राइव्हवरच्या आर्ट डेको इमारतींना २०१८ मध्ये युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला. माटुंगा त्या यादीत नाही.