३३ पानांची कैफियत

१९३८ साली अमेरिकेतील मिसिसिपी प्रांतातल्या एका वकिलाने आपल्या पाच वर्षांच्या मुलाची टंकलिखित ३३ पानांची हकीकत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञाकडे धाडली. पुढे १९४३ मध्ये कॅनर यांनी आठ मुलगे व तीन मुली अशा ११ बालकांविषयी जो निबंध प्रसिद्ध केला, त्याचा आरंभ याच मुलापासून झाला, आणि स्वमग्नतेची वैद्यकाच्या दप्तरी स्वतंत्र नोंद झाली. पित्याने दिलेली माहिती उत्कृष्ट असल्याचे मान्य करूनही, तीत तपशिलाचा सोस आहे, असा शेरा कॅनर यांनी मारलाच. मला तो अन्यायाचा वाटतो. कारण ज्या अवस्थेचा निर्णय रक्ताच्या थेंबावरून वा मेंदूच्या छायाचित्रावरून आजही होत नाही, तिच्याबाबत असा तपशील हाच मुख्य पुरावा होय.

निदानाची वाट बहुधा श्रवणचाचणीपासून सुरू होते; हाकेला ओ न देणारे मूल बहिरे तर नाही ना, याची खातरजमा आधी करावी लागते. मग मातापित्यांची सविस्तर जबानी, आणि तिच्या जोडीला प्रत्यक्ष निरीक्षण. ‘ॲडॉस’ या पद्धतीत लहान मुलांसमोर साबणाचे फुगे उडवतात, बाहुलीचा लटका वाढदिवस मांडतात, आणि मूल त्या खेळात दुसऱ्यास सामील करून घेते की नाही, हे पाहतात. खाऊचा डबा हवा म्हणून बोट दाखवणे निराळे, आणि आकाशातले विमान आईनेही पाहावे म्हणून बोट दाखवणे निराळे. परीक्षकाची नजर या दुसऱ्या बोटावर खिळलेली असते.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेच्या २०१३ च्या निकषांनुसार सामाजिक आदानप्रदानातील तिन्ही उणिवा, तसेच पुनरावृत्ती, नियमांचा हट्ट, एकाच विषयाचा ध्यास आणि संवेदनांची विलक्षणता या चारांपैकी किमान दोन लक्षणे आढळावी लागतात. शिवाय त्यांचा उगम बालपणातच असावा लागतो. आपल्याकडे दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी ‘इसा’ ही ४० कलमांची भारतीय मोजपट्टी वापरतात. प्रत्येक कलमास एक ते पाच गुण मिळतात आणि बेरीज ७० च्या खाली राहिल्यास स्वमग्नता नाही असे समजतात. दाखल्यासाठी आकडा हवाच, पण आकड्याने निदानाची जागा घेऊ नये.

विशेषतः मुलींच्या बाबतीत. इतरांचे हसणे, बोलणे, मान डोलावणे यांचे त्या पुष्कळदा हुबेहूब अनुकरण करतात, आणि तज्ज्ञाच्या खोलीतली घटकाभराची तपासणी त्यात सहज फसते. दिवसभर शाळेत शहाण्यासारखी वागलेली मुलगी घरी येताच का कोसळते, हे सांगायला आईच हवी, आणि ती दहा पाने बोलली तरी ऐकून घेणारा तज्ज्ञ हवा.