लोहाऱ्याची लोखंडी टेकडी

चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही परिसरात, जंगलाच्या सोबतीने वसलेलं लोहारा. (चंद्रपूर शहरालगतचं लोहारा वेगळं.) इथल्या टेकडीचा दगड उचलला की आकाराच्या मानाने चांगलाच जड लागतो. दिसायला काळपट, पण खरबरीत फरशीवर घासला की गेरूसारखी तांबडी रेघ उमटते. हे हेमॅटाइट, थोडं मॅग्नेटाइटही मिसळलेलं, म्हणून काही तुकड्यांना लोहचुंबक चिकटतं. या मुलखातले कारागीर असं खनिज मातीच्या भट्टीत, लाकडी कोळशावर, भाता मारून तापवत. लोखंड वितळत नसे. मळीसकट सच्छिद्र गोळा निघे आणि तो लालबुंद असतानाच घणाखाली ठोकून मळी बाहेर काढावी लागे.

१८८२ मध्ये रिटर फॉन श्वार्त्झ या जर्मनभाषक खाण व धातुतज्ज्ञाने चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, जिल्ह्यातल्या लोखंड उद्योगाबद्दल सरकारला अहवाल दिला. लोहाऱ्याचं खनिज उत्तम आणि त्याच जिल्ह्यात वरोऱ्याला कोळशाची खाण, ही जोडी त्याने मांडली. नागपुरात एम्प्रेस मिल चालवणाऱ्या जमशेटजी टाटांनी तो अहवाल वाचला आणि पोलादाचा विचार त्यांच्या मनातून पुढे कधीच गेला नाही. वरोऱ्याचा कोळसा त्यांनी जर्मनीत तपासून घेतला, पण तो कामाचा ठरला नाही. झोतभट्टीला खनिजाचा भार पेलणारा टणक कोक लागतो, आणि वरोऱ्याच्या कोळशापासून तो होत नाही. त्यात खाणकामाच्या सरकारी अटीही जाचक. बेत बारगळला.

श्वार्त्झचा अंदाज इथे चुकला, तरी त्याला केवळ कागदी तज्ज्ञ म्हणणं अन्यायाचं होईल. पुढे बंगालमधल्या बराकरच्या सरकारी कारखान्याचा तो अधीक्षक झाला आणि तिथे, हाताशी योग्य कोळसा असताना, त्याने लोखंड काढून दाखवलं.

त्या अहवालानंतर सुमारे वीस वर्षांनी जमशेटजींचे पुत्र दोराबजी टाटा आणि अमेरिकन भूवैज्ञानिक सी. एम. वेल्ड पुन्हा चांद्याच्या जंगलात फिरले. लोहाऱ्याचा दगड कसाला उतरला, पण मोठा कारखाना पोसण्याइतका साठा भरेना. काम गुंडाळल्याचं कळवायला दोराबजी नागपूरच्या सचिवालयात गेले. अधिकाऱ्याची वाट पाहताना ते समोरच्या संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजब बंगल्यात शिरले. तिथे भूवैज्ञानिक प्रमथनाथ बोस यांच्या पाहणीवरून रंगवलेल्या भूशास्त्रीय नकाशात त्यांना दुर्ग भागातल्या दल्ली-राजहराचं लोहखनिज दिसलं. आज भिलाईचा कारखाना तिथल्याच खनिजावर उभा आहे. टाटांना मात्र बोस यांच्याच १९०४ च्या पत्राने मयूरभंजमधल्या गोरुमहिसाणीच्या लोहखनिजाकडे नेलं. साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, १९१२ मध्ये पहिलं पोलाद निघालं, त्यात लोहाऱ्याचा वाटा नव्हता.

तरीही जमशेदपूरचा इतिहास सांगताना सुरुवात या टेकडीपासून करायला हवी, असं मला ठामपणे वाटतं. सिंदेवाही स्टेशन गोंदिया-बल्लारशाह मार्गावर आहे. विदर्भातल्या शाळांच्या सहलींनी अजब बंगल्याला जोडून लोहाराही पाहावं. जंगलाचा भाग असल्याने वनखात्याकडे आधी चौकशी करावी.