कललेली बस आणि हवेची वाट

गॅरेजवर येणारा माणूस बहुतेक वेळा रोग सांगत नाही, थेट औषधच सांगतो. 'बॅटरी बदला', 'क्लच प्लेट बदला'. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत मला भाट्याच्या किनाऱ्याजवळून असाच एक फोन आला. "काका, मागचा डावा बलून बदलायचाय. रत्नागिरीत मिळेल का?"

गाडी म्हणजे एक जुनी लक्झरी बस होती. पुष्कळ वर्षं प्रवासी वाहून झाल्यावर एका पुण्याच्या कुटुंबानं ती विकत घेतली, सीटा काढल्या, आत पलंग, ओटा, पाण्याची टाकी बसवली आणि तिचं फिरतं घर केलं. अशा गाडीला आता आपल्याकडेही कॅरॅव्हॅन म्हणतात. 2021 साली महाराष्ट्र शासनानं कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून हा शब्द बऱ्याच जणांच्या कानावर आहे. तर ही मंडळी आंबा घाट उतरून, साखरपा, पाली, हातखंबा करत संध्याकाळी रत्नागिरीत पोचली. रात्री गाडी सरळ उभी होती. पहाटे आजोबा पलंगावरून घरंगळून भिंतीला टेकले. गाडी डावीकडे कलली होती. त्याआधी दुसऱ्या एका गावी त्यांनी डावीकडचा बलून नवा टाकून घेतला होता. तरीही रोज सकाळी हाच प्रकार.

बलून म्हणजे काय, ते आधी सांगतो. आपल्या लाल एसटीच्या चाकांवर वर्षानुवर्षं लोखंडी पाटे असत. खड्डा आला की पाटे दबतात, पुन्हा सरळ होतात. काही बसमध्ये पाट्यांच्या जागी जाड रबराचे, आत दोऱ्यांचे थर असलेले फुगे असतात आणि त्यांत दाबाची हवा असते. अमेरिकेत लांब पल्ल्याच्या बसना ही सोय 1950 च्या दशकात आली. आपल्याकडे 2001 नंतर व्होल्वोच्या बस धावू लागल्या, तेव्हा तिचं सुख सामान्य प्रवाशाला कळलं. मुंबईच्या लोकलच्या नव्या डब्यांखालीही असेच हवेचे फुगे आहेत.

पण नुसता फुगा असून भागत नाही. बसमध्ये पाच माणसं असोत वा पन्नास, गाडीची उंची तीच राहिली पाहिजे. हे काम लेव्हलिंग व्हॉल्व्ह करतो. व्हॉल्व्ह चासीला बसवलेला असतो. त्याला एक दांडी असते आणि ती दांडी एका सळईनं खाली अ‍ॅक्सलला जोडलेली असते. माणसं चढली, गाडी दबली, की दांडी वर ढकलली जाते आणि फुग्यात हवा शिरते. माणसं उतरली, गाडी उचलली गेली, की दांडी खाली येते आणि जादा हवा बाहेर सुटते. घरावरच्या पाण्याच्या टाकीतला तरंगता गोळा आठवा. पाणी कमी झालं की तो नळ उघडतो. इथं पाण्याऐवजी हवा, एवढाच फरक.

बऱ्याच बसमध्ये असे तीन व्हॉल्व्ह असतात. पुढे दोन्ही फुग्यांना मिळून एक, मागे डाव्या-उजव्याला वेगळे. म्हणून गाडी तोंडावर बसली तर पुढे शोधायचं, आणि एका अंगाला कलली तर आधी मागे बघायचं.

आता मी काय केलं ते सांगतो. गाडी सपाट जागी आणली आणि चारही चाकांवरच्या कमानीपासून जमिनीपर्यंत टेपनं मापं घेतली. डोळा फसवतो, टेप फसवत नाही. मग इंजिन सुरू करून हवेच्या काट्याकडे बघत बसलो. हे महत्त्वाचं, कारण ब्रेकची हवा आणि फुग्यांची हवा एकाच कॉम्प्रेसरमधून येते. ब्रेकच्या टाक्या पुरेशा भरल्याशिवाय फुग्यांना हवा मिळत नाही, अशी झडपेची योजना असते. काटा आठ बारच्या आसपास चढायला फार वेळ लागला, तर दोष फुग्यांत नाही, कॉम्प्रेसरच्या बाजूला आहे, आणि मग प्रश्न झोपेचा नसून ब्रेकचा आहे.

इथं काटा बरा चढला. गाडीही उठली. उलट डावी बाजू दोन बोटं जास्तच वर आली. ड्रायव्हरला विचारलं, "सळईला हात लावला होतात का?" तो म्हणाला, "होय काका, सकाळी बसते म्हणून आटे फिरवून थोडी वाढवली." म्हणजे घड्याळ मागे पडतं म्हणून काटाच पुढे सरकवून ठेवल्यासारखं झालं. सळईनं उंची ठरते, गळती थांबत नाही. घाटाच्या वळणांवर गाडी उगाच झोल खात होती ती यामुळे.

मग साबणाचं पाणी आणि ब्रश. फुग्याच्या घड्या, नळ्यांचे सांधे, व्हॉल्व्हचं हवा सोडायचं भोक, सगळीकडे फेस लावला. नवा फुगा कोरडा ठणठणीत. सांधे ठीक. पण गाडी स्थिर उभी असताना व्हॉल्व्हच्या भोकावर एकामागून एक बुडबुडे येत होते. व्हॉल्व्ह खोलला तर आत चहाच्या रंगाचा गाळ. टाकीखालचा पाणी सोडायचा कॉक उघडला, तसं लिटरभर तांबडं पाणी भसाभसा आलं.

आपल्या कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यात समुद्राची सर्द हवा. ती हवा कॉम्प्रेसर दाबतो, पुढे ती गार होते आणि तिच्यातलं पाणी सुटतं. ते शोषून घ्यायला एअर ड्रायर असतो, पण त्यातला डबा वेळेवर बदलला नाही, तर पाणी टाकीत साठतं, टाकी आतून गंजते आणि तो गंज हवेबरोबर व्हॉल्व्हच्या नाजूक बैठकीत जाऊन बसतो. थोडक्यात, गाडी कलत होती मागे डावीकडे, आणि दुखणं होतं पार पलीकडे, ड्रायरच्या डब्यात. व्हॉल्व्ह बदलला, डबा बदलला, टाक्या रिकाम्या केल्या, सळई मापावर आणली. दुसऱ्या दिवशी टेप लावला, चारही कोपरे जवळजवळ सारखे. रात्रीच्या गारव्यानं चारही बाजू सारख्याच किंचित बसल्या, तर त्यात काळजीचं काही नसतं.

मग ही बस प्रवासी वाहत होती तेव्हा कलली नव्हती का? कलत असणारच. पण रोज धावणारी गाडी गळती झाकते, कारण कॉम्प्रेसर सतत भरत राहतो. गाडी घर होऊन दोन-दोन दिवस एका जागी उभी राहिली, की सगळं उघडं पडतं.

आता शेवटची गोष्ट, जिच्यासाठी खरं तर मी हे भाषण द्यायला तयार झालो. मी शिकाऊ होतो तेव्हाची. गाडीखाली पडून मी सळई सोडवत होतो. तेरा नंबरचा पाना हवा होता म्हणून बाहेर आलो. सुटलेली दांडी स्वतःच्या वजनानं खाली लोंबली. व्हॉल्व्हला वाटलं गाडी फार वर आहे, त्यानं हवा सोडली. फुस्स असा आवाज झाला आणि मी पाना घेऊन वळेपर्यंत बस खाली बसली होती. जिथं माझी छाती होती, तिथं वीतभरही जागा उरली नव्हती. मिस्त्री काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त लाकडी ठोकळ्यांकडे बोट दाखवलं.

भाट्याला त्या दिवशी ड्रायव्हरबरोबरचा पोरगा टॉर्च घेऊन सरळ गाडीखाली शिरत होता. मी त्याला पायाला धरून ओढला. म्हटलं, "अरे, हवेवर उभ्या असलेल्या गाडीखाली जायचं नसतं. आधी चाकांना उटी लाव, चासीला घोडे लाव, मग शीर." तो हसला. त्याला वाटलं, म्हातारा उगाच घाबरतो.

ज्यांच्याकडे अशी गाडी आहे, त्यांनी टाकीतलं पाणी नेमानं सोडावं, ड्रायरचा डबा ठरल्या वेळी बदलावा आणि गाडी दोन दिवस उभी करायची असेल, तर तिला ठरवून दिलेल्या जागी टेकू द्यावा. कोपरा कलला, तर फुगा विकत घ्यायच्या आधी दहा रुपयांचा साबण घ्यावा. आणि काहीही झालं तरी, टेकू दिल्याशिवाय गाडीखाली कुणाला जाऊ देऊ नये.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)