विणकामाच्या सुया पुन्हां हातीं घेतांना

पुण्याची थंडी ती केवढी, आणि तिच्यासाठीं घरीं बसून लोकर कसली विणावयाची, असा प्रश्न आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनीं नुकताच केला. प्रश्न अगदींच गैरलागू होता असें नाहीं. यंत्रावर विणलेला चांगला स्वेटर बाजारांत आयता मिळतो. हातानें विणावयाचा तर कित्येकदां नुसत्या लोकरीलाच तितके पैसे पडतात, आणि महिना-दीड महिना खर्ची पडतो तो निराळाच. हिशेबाच्या दृष्टीनें पाहतां हाताच्या विणकामाची बाजू लंगडी आहे, हें आम्हांस मान्य आहे. असें असतांहि सुमारें वीस वर्षांच्या खंडानंतर आम्हीं या सुया पुन्हां हातीं घेतल्या, व त्या इतक्यांत खालीं ठेवण्याचा आमचा विचार नाहीं. याचें कारण थंडींत शोधून सांपडणार नाहीं. तें घरांत शोधावें लागेल.

आधीं थोडें या कामाच्या रचनेविषयीं. मागावरच्या कापडांत उभे आणि आडवे धागे एकमेकांस अडकवून धरतात. सुयांवरील विणकामांत धागा एकच असतो; त्याच्या एका फांसांतून दुसरा फांस ओढून काढावयाचा, एवढाच काय तो व्यवहार. सुलटा टाका आणि उलटा टाका असे जे दोन प्रकार आपण म्हणतों, ते वास्तविक एकाच टाक्याच्या दोन बाजू आहेत; पुढून सुलटा दिसतो तोच मागून उलटा. या फांसांमुळेंच विणलेलें वस्त्र ताणलें जातें व सोडतांच पूर्ववत् होतें. आणि धागा एकच असल्यामुळें शेवटचें टोक सांपडलें कीं सबंध वस्त्र उसवून त्याची पुन्हां लोकर करतां येते. कापड एकदां कातरलें कीं कातरलें. लोकरीचें तसें नाहीं.

हा गुण एकत्र कुटुंबांतील बायकांनीं बरोबर हेरला होता. थोरल्याचा स्वेटर मनगटाशीं आखूड होऊं लागला कीं तो उसवावयाचा, त्यांत नव्या लोकरीच्या एक-दोन लड्या मिळवून मधल्याला दोन रंगांचा करावयाचा, आणि त्यांतूनहि उरेल तें धाकट्याच्या टोपड्यास. उसवलेली लोकर नागमोडी होते. ती तशीच विणली तर वीण ओबडधोबड दिसते. म्हणून खुर्चीच्या पाठीभोंवतीं गुंडाळून तिची लडी करीत, चार ठिकाणीं सैल दोऱ्यानें बांधीत, कोमट पाण्यांत बुडवून काढीत, न पिळतां सावलींत टांगीत व खालच्या बाजूस हलकेंसें वजन अडकवीत. वाळली कीं धागा सरळ होई. पुढें लडीचा गुंडा करतांना दोन्ही हात पसरून समोर बसण्याचें काम पोरांचें असे. त्या वेळीं त्यांस हलतां येत नसल्यामुळें पाढे म्हणवून घेण्यास हीच वेळ उत्तम, असें आमच्या घरच्या वडील मंडळींनीं ठरवून टाकलें होतें. एकोणतीसचा पाढा आम्हांस आजहि लोकरीच्या वासासकट आठवतो.

ही कला मुळांत आपली नव्हे. इजिप्तमध्यें सांपडलेले निळ्या-पांढऱ्या सुताचे मध्ययुगीन मोजे हे तिच्या सर्वांत जुन्या उपलब्ध नमुन्यांपैकीं आहेत. इंग्लंडांत विल्यम ली या धर्मोपदेशकानें १५८९ सालीं मोजे विणण्याचें यंत्र काढलें. हाताच्या विणकामास यंत्राचा प्रतिस्पर्धी उत्पन्न झाल्याला चारशें वर्षें होऊन गेलीं, तेव्हां आजच्या स्वस्त स्वेटरांनीं तें मरेल अशी भीति नको. आपल्याकडे एकोणिसाव्या शतकांत मिशनरी शाळांतून मुलींस हें काम शिकवीत. गंमत अशी कीं या कामांतलीं कित्येक नांवें लढाईंतून आलेलीं आहेत. पुढें गुंड्या असलेल्या स्वेटरास ज्याचें नांव मिळालें तो लॉर्ड कार्डिगन, गळ्यापासून तिरकी निघणारी बाही ज्याच्या नांवें चालते तो लॉर्ड रॅग्लन, आणि आपल्या माकडटोपीला इंग्रजींत जें नांव आहे तें बालाक्लाव्हाचें रणक्षेत्र, हीं तिन्ही १८५३ ते ५६ च्या क्रिमियन युद्धांतलीं.

विणकाम आणि युद्ध यांचा हा संबंध आमच्या घरांतहि एकदां आला. १९६२ च्या ऑक्टोबरच्या २० तारखेस चीननें आक्रमण केलें. हिमालयांतील जवानांजवळ पुरेसे गरम कपडे नाहींत ही वार्ता घरोघरीं पोहोंचली, आणि देशांत ठिकठिकाणीं बायका-मुली त्यांच्यासाठीं स्वेटर विणूं लागल्या. नोव्हेंबरांत यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले. त्या महिन्यांत आमच्या वाड्याच्या ओसरीवर रोज दुपारीं दहा-बारा बायकांच्या सुया चालत, असें आम्ही ऐकत आलों आहों. या मंडळाच्या म्होरक्या आमच्या आत्याबाई. अकालीं वैधव्य आल्यामुळें त्या माहेरींच राहिल्या होत्या. सोवळें कडक, पण लोकर सोवळ्याला चालते, आमच्या लहानपणच्या धाबळ्या लोकरीच्याच असत, हा आधार त्यांनीं विणकामासाठीं पुरेपूर वापरला. पूजेची तयारी झाल्यापासून नैवेद्याचें ताट येईपर्यंत त्यांच्या सुया थांबत नसत. २१ नोव्हेंबरला चीननें युद्धबंदी जाहीर केली तेव्हां ओसरीवरच्या बायका पांगूं लागल्या. आत्याबाईंनीं विचारलें, “थंडीनं कुठं युद्धबंदी केलीय?” आणि त्या फाल्गुनापर्यंत विणीत राहिल्या.

त्या गेल्या त्या सालापासून आम्हीहि विणणें सोडलें होतें. गेल्या वर्षीं वाडा पाडून तेथें सदनिका उभारण्याचें ठरलें, व माळा रिकामा करतांना त्यांची पत्र्याची ट्रंक निघाली. डांबराच्या गोळ्या केव्हांच उडून गेल्या होत्या, वेखंडाचे तुकडे मात्र होते. आश्चर्य हें कीं आंतल्या लोकरीस कसर लागली नव्हती. अस्मानी लोकरीचे तीन गुंडे, आणि ९ नंबरच्या सुईवर ७२ टाके तसेच ठेवलेला, लहान मुलाच्या स्वेटराचा मुंढ्यापर्यंत आलेला पुढचा भाग. ज्याच्यासाठीं तो घातला होता तो पुतण्या आज नोकरीस लागून स्वतःचे स्वेटर स्वतः विकत घेतो.

त्या अर्ध्या स्वेटराचें काय करावें यावरून घरांत जो वाद झाला, तो वाड्याच्या वांटणीवरूनहि झाला नव्हता. थोरल्या बंधूंचें म्हणणें, तो सुईसकट कांचेच्या चौकटींत बसवून नव्या घरांत लावावा. वहिनींनीं साफ सांगितलें, “उसवा आणि गुंडा करा. त्यांनीं स्वतः तेंच केलं असतं.” वहिनींचें म्हणणें खोडून काढणें कठीण होतें. लोकर निजवून ठेवूं नये, हें आत्याबाईंचें घरांतील प्रत्येकाला ऐकवून झालेलें मत. चौकटींतला स्वेटर त्यांना मुळींच रुचला नसता. परंतु उसवणें आमच्या जिवावर आलें. ओसरीवरच्या त्या दुपारींचे सारे स्वेटर केव्हांच दूर गेले, घरांतले उसवून गेले. त्यांच्या हातची वीण आतां एवढीच उरली होती.

तिसरा मार्ग पुरा करण्याचा. पण तो वाटतो तितका सरळ नाहीं. विणणाऱ्यांना ठाऊक आहे कीं प्रत्येकाचा हात निराळा असतो. ८ नंबरच्या सुईवर (जुन्या मापांत आंकडा जितका मोठा तितकी सुई बारीक) मध्यम जाडीच्या लोकरीचे चार इंचांत साधारण २२ टाके बसतात, म्हणजे इंचास साडेपांच. ३६ इंच छातीच्या स्वेटराच्या पुढच्या भागास या हिशेबानें ९९ टाके लागतील. तीच सुई व तीच लोकर दुसरीच्या हातीं दिली, तिचा हात किंचित् घट्ट असला व इंचास सहा टाके पडले, तर तेच ९९ टाके साडेसोळा इंच भरतील, आणि पाठ-पोट मिळून स्वेटर ३३ इंचांचाच होईल. अर्ध्या टाक्याच्या फरकानें तीन इंच गेले! आत्याबाईंचा हात घट्ट, आमचा सैल. त्यांतून वीस वर्षांचा खंड. आम्हीं एका गुंड्याच्या टोकाकडून चार लहान तुकडे विणून मोजून पाहिले. शेवटीं त्यांच्या ९ नंबरच्या सुईस आमच्या हाताला १० नंबरची सुई जुळते असें ठरलें, व चातुर्मास संपतांना काम सुरू केलें.

जुळलें म्हणजे मापानें जुळलें. वहिनींनीं मुंढ्याखालीं बोट ठेवून तत्काळ दाखविलें, “इथं त्यांचं संपलं.” आम्हांसहि तें उजेडांत धरलें कीं दिसतें, आणि दिसावें असेंच वाटतें. तो स्वेटर आतां बंधूंचा चार वर्षांचा नातू घालतो. आखूड झाला कीं उसवणार, हें वहिनींनीं आतांच बजावून ठेवलें आहे. आम्हीं बाह्या दोन इंच लांब विणून दुमडून ठेवल्या आहेत, त्या बंधूंच्याच सांगण्यावरून.

या साऱ्या खटाटोपांत त्या नातवाचा दहा वर्षांचा भाऊ रोज जवळ येऊन बसूं लागला. युरोपांत एके काळीं विणकऱ्यांच्या ज्या संघटना होत्या त्यांत पुरुषच असत, हें त्याला सांगितल्यावर त्याचा उरलासुरला संकोचहि गेला. त्याला २४ टाक्यांचा गळपट्टा घालून दिला आहे. तो सध्यां चौदा इंच झाला आहे, आणि सुईवरचे टाके २७ भरतात. वाढलेले तीन कोठून आले, हें तो मोजून मोजून पाहत असतो. आम्हीं अजून सांगितलेलें नाहीं.