लाल गाठीला घोड्याचा केस बांधू नका

चामखिळीला घोड्याचा केस आवळायचा, नाहीतर बिब्बा लावायचा, हा आपल्याकडचा जुना इलाज. पण प्रत्येक लाल उंचवटा चामखीळ नसतो. काही गाठी रक्तवाहिन्यांच्याच बनलेल्या असतात. ‘पायोजेनिक ग्रॅन्युलोमा’ ही त्यातली नेहमी दिसणारी. काही आठवड्यांत चिंचोक्याएवढी वाढते आणि साधा धक्का लागला तरी भळभळते. तिच्यात पू नसतो, त्यामुळे अँटिबायोटिकच्या गोळ्या व्यर्थ.

ग्रहणात आईने भाजी चिरली म्हणून बाळाला लाल डाग आला, असं लातूर-नांदेडकडे अजूनही सांगतात. ग्रहणाचा इथे काही संबंध नाही. असा डाग अनेकदा हिमॅन्जिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांचीच गाठ असते. तो बहुधा जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत दिसू लागतो, पाच महिन्यांपर्यंत झपाट्याने वाढतो आणि मग काही वर्षांत ओसरतो. म्हणून ‘आपोआप जातो’ हे बहुतेकदा खरं. मात्र तो डोळ्यापाशी किंवा ओठावर असेल, चिघळला असेल, तर वाट पाहू नये. 2008 मध्ये फ्रान्समधल्या बोर्डोच्या डॉक्टरांनी प्रोप्रॅनोलॉल हे हृदयविकाराचं औषध यावर चालतं हे दाखवलं. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचं, कारण बाळाची नाडी आणि साखर उतरू शकते. जन्मापासूनचा सपाट, जांभळट चट्टा मात्र गाठ नव्हे. ती रक्तवाहिन्यांच्या घडणीतली चूक. तो ओसरत नाही.

सगळ्यात जास्त हाल होतात ते नखाखालच्या ग्लोमस ट्यूमरने. गाठ काही मिलिमीटरची, कधी नखाखाली निळसर ठिपका, कधी तोही नाही. थंडीत गार पाण्यात हात घातला की कळ थेट खांद्यापर्यंत जाते. त्याला नखुरडं म्हणतात, संधिवात म्हणतात, काहीच दिसेना की ‘मनाचे खेळ’. (हे शेवटचं निदान बायकांच्याच वाट्याला का येतं, देव जाणे.) तपासणी मात्र साधी. टाचणीच्या डोक्याने दाबलं की नेमक्या एका बिंदूवर कळ उठते. बीपीच्या यंत्राचा पट्टा दंडाला आवळून रक्तप्रवाह थांबवला की दुखणं थांबतं, सोडला की परत येतं. गाठ बहुतेकदा कर्करोगाची नसते. पूर्ण काढली की सहसा दुखणं संपतं.

म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यावरचा काळानिळा डाग ‘कुठंतरी आपटलं असेल’ म्हणून सोडून देतात. मुका मार दोन-तीन आठवड्यांत फिका पडतो. पसरत जाणारा डाग अँजिओसार्कोमा असू शकतो. दुर्मिळ, पण जीवघेणा.

‘सुरी लावली की कॅन्सर पसरतो’ ही भीती मात्र निदानाच्याच आड येते. तपासणीसाठी नीट घेतलेल्या तुकड्याने रोग पसरत नाही, उलट नाव कळतं. सीडी३१, ईआरजी अशा विशेष तपासण्यांवरून पेशी रक्तवाहिन्यांच्या अस्तरातल्या आहेत का, हे ठरतं. नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था, दोन्हीकडे त्वचारोग व पॅथॉलॉजी विभाग आहेत. काढलेली गाठ फेकून देणं ही माझ्या मते सगळ्यात महाग चूक. ती फॉर्मॅलिनमध्ये तपासणीला गेली का, हे विचारा. अहवालासोबत गाठीचा मेणातला ब्लॉकही जपा. शंका उरली तर तोच मुंबईला टाटा मेमोरियलमध्ये पुन्हा तपासता येतो.